मुंग्यांनी पास केलेली कॅन

मी पाच लिटरची पांढरी कॅन बोलतेय. माझ्या बुडाला भोकं आहेत. माझ्यात आता ओंजळभरसुद्धा पाणी राहत नाही. तरी माझी कीव करू नका. ती भोकं पडली तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस होता. ते कसं, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साबुदाण्यासारखे पांढरे दाणे वितळवले, तो लगदा साच्यात घातला, आत जोराने हवा सोडली आणि मी फुगून कॅन झाले. साच्यातून निघाले तेव्हा माझ्या गळ्याला प्लास्टिकच्या नको त्या झालरी लोंबत होत्या. त्या सुरीने तासायला एक बाई बसलेली असे. मी गरम असतानाच तिला मला हातात घ्यावं लागलं, कारण मागून दुसरी येतच होती. तिच्या बोटांच्या टोकांवर रेषा उरल्या नव्हत्या. तिने मला उजेडाकडे धरलं, कुठे भोक नाही ना ते पाहिलं आणि पुढे ढकललं. तिचं नाव मला कधी कळलं नाही.

मग माझ्यात तणनाशक भरलं. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आणि पडीत जागेवर रुंद पानांचं गवत माजतं, ते वाळवणारं. आमच्या भागात फवारणीच्या कोणत्याही विषाला औषधच म्हणतात. माझ्या अंगावर एक कागद चिकटवला. त्यावर टोकावर उभा केलेला चौकोन होता, खालचा अर्धा पिवळा, आणि वरच्या अर्ध्यात विष असं लिहिलेलं. माझ्या गळ्याला एक घडीचा कागदही बांधला. त्यावरची अक्षरं तांदळाच्या कणीपेक्षा बारीक होती. शेवटची ओळ अशी होती की कॅन रिकामी झाल्यावर भोक पाडून नष्ट करा, दुसऱ्या कशासाठी वापरू नका. ती ओळ मी गळ्यात बांधून फिरले. वाचली मात्र कोणीच नाही.

एका खोक्यात आम्ही चौघी होतो. रिसोडच्या एका कृषी केंद्रातून दौलतसिंगभाऊंनी ते खोकं उचललं, जीपच्या टपावर बांधलं आणि आम्ही गावात आलो.

दौलतसिंगभाऊ वाईट माणूस नव्हे. मजुराला दुपारचा चहा चुकवणार नाही, कोणाच्या घरी आजारपण असलं तर स्वतः मोटारसायकलवर दवाखान्यात नेईल. त्यांच्या शेतात चार जण पाठीवर पंप घेऊन फवारत. त्यातला एक गोविंदा. तोंडाला बायकोची जुनी ओढणी बांधायचा, पायात चप्पल, हातात काही नाही. बादलीत औषध काडीने ढवळायचा आणि बाकीचे बिचकले की हसायचा. म्हणायचा, मी काय रुंद पानाचा हावो का, मले काय होते.

फवारणी संपली आणि आम्ही रिकाम्या झालो. या गावात एक रीत आहे. रिकामी कॅन फवारणाऱ्याची. ती कोणी ठरवली हे कोणाला आठवत नाही. पण कॅन दिली नाही तर मजूर नाराज होतो आणि दिली की मालकाला दिल्याचं समाधान मिळतं. त्या दिवशी गड्याने आम्हाला चुकून मालकांच्या स्वयंपाकघराच्या पायरीवर ठेवलं, तेव्हा आतून मालकीणबाईंचा आवाज आला. "ते बाहीर ठेवा. माह्या सैपाकघरात नको."

गोविंदाने ते ऐकलं, मीही ऐकलं. आम्हा दोघांनाही त्यात काही वाटलं नाही. दौलतसिंगभाऊ हसून म्हणाले, ने गोविंदा, तुमच्या कामी येईन. गोविंदा मला काखेत मारून खुशीत घरी निघाला.

त्याची बायको रत्नमाला. तिच्याबद्दल कोणी निष्काळजी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. तिने मला तीन दिवस धुतलं. राखेने घासलं, निंबाचा पाला घालून पाणी भरून उन्हात ठेवलं, पुन्हा घासलं. कागद निघाला, पिवळा चौकोन निघाला, वासही गेल्यासारखा झाला. माझ्या भिंतींनी महिनाभर जे पिऊन ठेवलं होतं ते मात्र गेलं नाही. प्लास्टिकला तोंड नसतं, पण अंग असतं, आणि ते शोषतं.

तिला धुण्यावर भरवसा नव्हता म्हणून तिने शेवटची परीक्षा घेतली. या वस्तीत सगळेच घेतात. कॅनमध्ये गुळाचं पाणी घालून ती मुंग्यांच्या वारुळाजवळ आडवी ठेवायची. मुंग्या आत आल्या, गूळ खाऊन धडधाकट बाहेर गेल्या, म्हणजे कॅन शुद्ध. रत्नमाला उकिडवी बसून पाहत राहिली. मुंग्या रांगेने आल्या, पोटभर खाल्लं, रांगेने गेल्या. एकही मेली नाही.

गोविंदा म्हणाला, "पास झाली."

मला ओरडून सांगावंसं वाटलं की मी गवत वाळवणारी आहे, मुंग्यांशी माझं कधी वैर नव्हतंच. त्यांनी मला पास केलं यात काय नवल? पण कॅनला ओरडता येत नाही. तिला फक्त भरता येतं आणि ओतता येतं.

रत्नमालाने माझ्याभोवती गोणपाट गुंडाळलं आणि दाभण घेऊन सुतळीने शिवून टाकलं. गोणपाट ओलं ठेवलं की आतलं पाणी थंड राहतं. माठ धुऱ्यावर नेता येत नाही, ठेच लागली की फुटतो. मी फुटत नव्हते. मजुराच्या घरात न फुटणाऱ्या वस्तूला फार मान असतो. मी तिच्याबरोबर निंदणाला गेले, बाभळीच्या फांदीला लटकले, बाया माझं पाणी ओंजळीने प्यायल्या आणि कोणाच्या कॅनचं पाणी जास्त गार यावरून त्यांचे वादही झाले. आत काय आहे हे माझ्या अंगावरून आता कोणालाच कळलं नसतं. पिवळा चौकोन गेला होता आणि बुडाला साच्यातच उमटलेली औषधाच्या नावाची अक्षरं गोणपाटाखाली दडली होती.

तोवर मी घाबरले होते, पण मनातल्या मनात. खरी धास्ती पल्लवी आली तेव्हा सुरू झाली.

पल्लवी ही रत्नमालाची एकुलती मुलगी. सातवा महिना लागल्यावर ती बाळंतपणासाठी माहेरी आली. उन्हाचा तिला फार त्रास व्हायचा. रत्नमालाने शेतात दुसरा डबा न्यायला सुरुवात केली आणि मला घरी ओसरीच्या आढ्याला टांगलं, पोरीसाठी. सकाळी कामाला जाताना सांगून जायची की बाई, कॅनीतलंच पेत जा, थंडं हाये. घरातलं सगळ्यात गार पाणी तिने पोटुशी पोरीसाठी राखून ठेवलं होतं. आईच्या मायेतून माझं पाणी त्या पोरीच्या पोटात जात होतं आणि मी काही करू शकत नव्हते.

पल्लवीचं डोकं दुखायचं. ते माझ्यामुळे की उन्हामुळे, मी सांगू शकत नाही. पण मला ठाऊक नाही म्हणून मी सुटते असं थोडंच आहे? दुपारी ती पेला घेऊन उठायची तेव्हा मी तिचे पेले मोजायचे. एकदा ती म्हणाली होती, माय, पान्याले वास येते. रत्नमालाने मला पुन्हा राखेने घासलं.

एक गोष्ट मात्र घरातल्यांच्या डोळ्यांसमोर घडत होती. रात्रभर राहिलेलं शिळं पाणी प्यायचं नाही, अशी रत्नमालाची शिस्त. रोज सकाळी ती ते न्हाणीजवळच्या वालाच्या वेलाला टाकायची. तो वेल मांडवावर चढला होता, पण त्याची नवी पानं वाटीसारखी मुडपली होती, शेंडे वाकडे झाले होते आणि फूल धरत नव्हतं. रत्नमाला म्हणायची, यंदा वेलाले नजर लागली.

मग सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, सुरू झाली आणि गावात बातमी आली की वाशिमहून एक बाई येणार आहे. रसायनं आणि प्लास्टिक यांचा माणसांच्या जगण्यावर काय भार पडतो, याची पाहणी करणारी. आदल्या संध्याकाळी दौलतसिंगभाऊ वस्तीत आले. हसतच म्हणाले की विचारलं तर सांगा, खाली झालेले डबे आपण खड्ड्यात पुरतो. उगाच आपल्या गावाचं नाव नको. जाता जाता वळून रत्नमालाला म्हणाले, "सोंगनी अजून आठ दिवस चालन, नाही का?"

त्यात धमकीचा एक शब्द नव्हता. तरी गोविंदाला त्या रात्री भाकर गेली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रुचिका आली. पंचविशीची असेल, शेतकीची पदविका केलेली, खांद्याला पिशवी, हातात कागदांची फळी. ओसरीतच बसली. तिचे प्रश्न ऐकून मी चकित झाले. ही वस्तू बनवताना कोणाचे हात भाजतात, वापरताना कोणाच्या अंगावर उडते, आणि काम संपल्यावर ती कोणाच्या पदरी पडते, असं सगळं तिच्या कागदावर एका खाली एक होतं. माझा गळा तासणारी ती बाई, गोविंदा आणि पल्लवी या तिघांबद्दल एकाच कागदावर कोणी विचारताना मी पहिल्यांदा पाहत होते. मला वाटलं, आता सुटका झाली.

रुचिकाने विचारलं, रिकाम्या कॅनचं काय करता?

रत्नमालाने पदराने तोंड पुसलं. "खड्डा करून पुरून टाकतो."

पल्लवीने आईकडे पाहिलं. रुचिकाने कागदावर खूण केली. मग तिने विचारलं, प्यायच्या पाण्यासाठी असे डबे वापरता का? रत्नमाला नाही म्हणाली. दुसरी खूण पडली. मी त्यांच्या डोक्यावर हातभर उंचीवर लटकत होते, आणि त्या दोन खुणांनी मी या गावातून नाहीशी झाले होते.

पुढचे प्रश्न संपले. कागद पिशवीत गेले. रत्नमालाला बरं वाटलं असावं, तिचा आवाज मोकळा झाला. म्हणाली, उन्हाची आली बाई तू, पानी तरी पे. मग पोरीला म्हणाली, देय तिले.

पल्लवी पोट सांभाळत उठली. तिने मला वाकवलं, एक पेला रुचिकाला भरला आणि एक स्वतःला. मी आयुष्यात कधी इतकी घट्ट झाले नसेन. पण झाकण उघडं होतं आणि मी कलती होते. पाणी वाहिलंच.

रुचिकाने पेला ओठाजवळ नेला. तिची नजर समोर न्हाणीकडे गेली आणि तिथेच थांबली. "मावशी, या वालावर काय फवारलं?"

"काही नाही वो. कोन फवारते घरच्या वेलावर."

"काही तरी पडलं त्याच्यावर. पानं पाहा कशी मुडपली."

"शिळं पानी टाकतो फक्त."

"कशातलं?"

रत्नमालाला आणखी खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलता येत नव्हतं. मग पल्लवी सहज म्हणाली, "कॅनीतलं. हे काय, ह्या." आणि तिने पेला तोंडाला लावला.

"पल्लवी, पिऊ नको." रुचिका उठून उभी राहिली होती. पल्लवीचा अर्धा पेला झाला होता. तिने तो खाली ठेवला.

रुचिकाने मला आढ्यावरून काढलं. विचारून, हळू हाताने गोणपाटाची शिवण उसवली आणि मला उलटं केलं. बुडाच्या उठावाच्या अक्षरांवर बोट फिरवलं. ती काही बोलायच्या आत रत्नमालाच चिडून बोलायला लागली. तीन दिवस धुतली होती, राखेनं, पाल्यानं, मी काय माह्या पोरीले असंच पाजीन? मुंग्या लावल्या होत्या. एक नाही मेली.

रुचिका पुन्हा खाली बसली, या वेळी तिच्या शेजारी. "मावशी, हे मुंग्या मारायचं औषधच नाही. हे पानं वाळवते. मुंग्या याच्यात चांगल्या राहतीन. तुम्ही विचारलं मुंग्यांना, अन् उत्तर वेल देऊन राह्यला."

रत्नमालाने वेलाकडे पाहिलं.

"लेकराले काही होईन का?"

"मले नाही सांगता येत. कोनी छातीठोक सांगन, असं मले वाटत नाही. म्हणून तर प्यायचं नसते. आज दवाखान्यात जाऊ, डॉक्टरला हे सगळं सांगू. मी येतो सोबत."

मग रत्नमाला अगदी हळू म्हणाली, "मालकीनबाई म्हने, माह्या सैपाकघरात नको." तिने ते गोविंदाकडून कधीतरी ऐकलं होतं आणि विसरली होती. आता तिला ते आठवलं आणि कळलंही. तिने रुचिकाच्या पिशवीकडे बोट केलं. "ते कागद काढा. पुरून टाकतो लिहिलं ते खोडा."

गोविंदा तेवढ्यात कामावरून आला होता. दारात विळा हातात घेऊन उभा होता. त्याला सगळं कळलं होतं. "रत्ना, सोंगनी अजून आठ दिवस हाये."

"हाये तं हाये." मग रुचिकाला म्हणाली, "लिहा. खाली झालेली कॅन फवारनाऱ्याले देतात. पानी पोटुशी पोरगी पेते."

रुचिका म्हणाली, नाव नाही लिहिलं तरी चालते, मावशी. तसा नियम आहे.

"नाव लिहा. रत्नमाला. नाहीतं म्हनतीन, कोन्या दुसऱ्या गावचं हाये."

दोन खुणा खोडल्या गेल्या. मी पुन्हा या गावात आले.

रत्नमालाने पत्र्याच्या फटीत खोचलेलं दाभण काढलं. ज्याने तिने मला शिवलं होतं तेच. चुलीत तापवलं, मला दोन गुडघ्यांत धरलं आणि बुडात पुन्हा पुन्हा खुपसलं. मला कारखान्यातली ती बाई आठवली, उजेडाकडे धरून भोक शोधणारी. पाणी अंगणात पसरलं. मला दुखलं का, असं विचाराल तर सांगते, मला श्वास घेतल्यासारखं वाटलं.

आधी सगळे दवाखान्यात गेले. परत आल्यावर, अंधार पडायच्या आत, रत्नमाला मला काखेत घेऊन दौलतसिंगभाऊंच्या ओट्यावर गेली. एकटीच. मला त्यांच्यासमोर ठेवलं आणि सांगितलं की भाऊ, हे तुमचं.

त्यांनी मला उचलून बुडाकडे पाहिलं. म्हणाले, भोकं पाडून काय भेटलं तुले? चांगली वस्तू होती.

"चांगली होती तं तुमच्या सैपाकघरात काहून नाही ठेवली?"

आत भांड्यांचा आवाज चालू होता. तो थांबला. दौलतसिंगभाऊ एकदम म्हणाले, लय शिकली तू एका दिवसात. रत्नमाला मला घेऊन परत आली.

दुसऱ्या दिवशी कामाचा निरोप आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मजुरांचा ट्रॅक्टर दारावरून गेला, थांबला नाही. वर बसलेल्या बायांनी मान दुसरीकडे केली. गोविंदा विळा घेऊन दारात बसून राहिला. पल्लवी म्हणाली, माय, माह्यासाठी तू हे कायले केलं. रत्नमालाने तिला भाकरी वाढली.

चौथ्या सकाळी मालकीणबाई स्वतः आल्या. या वस्तीत त्या कधी येत नसत. हातात कडीची स्टीलची बरणी होती, त्यांच्या घरचं दूध जिच्यात यायचं ती. ओसरीच्या कडेला उभ्या राहिल्या, बस म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"मले वास येत होता," त्या म्हणाल्या. "म्हनून मी घरात घेऊ नाही देल्ली. तुले सांगाव, हे माह्या मनातच नाही आलं वो." थोडं थांबून म्हणाल्या, "वावरात पानी ह्याच्यात नेत जा. अन् उद्या सोंगनीले ये. त्यायले मी सांगतलं."

रत्नमालाने बरणी घेतली. झाकण काढलं, नाक आत घालून वास घेतला. सावकाश, दोनदा. मालकीणबाई ती वास घेईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.

आता मी वाशिमला रुचिकाच्या कचेरीत एका फळीवर आहे. माझ्या गळ्याला पुन्हा एक कागद बांधला आहे, पण यावर रत्नमालाचं म्हणणं लिहिलंय, मोठ्या अक्षरात. पल्लवीचे दिवस भरत आलेत. दवाखान्यात आतापर्यंत सगळं ठीक आहे म्हणाले. मी रोज फोनची वाट पाहते. रुचिकाही पाहते, ते मला दिसतं.

आणि मला आणखी एक काळजी आहे. खोक्यात आम्ही चौघी होतो, हे मी सांगितलंच; बाकीच्या तिघी गोविंदाबरोबर फवारणाऱ्या तिघांच्या घरी गेल्या होत्या. सेवालालच्या घरची रुचिकाला मिळाली, तिला तिथेच भोक पाडलं. देवमनच्या घरी एक होती, तिच्यातून ताक नेत, तीही मिळाली. चौथी बाबूसिंगकडे होती. त्याने ती कोणा पाहुण्याला दिली, आणि पाहुणा ती कामरगावच्या बाजूला घेऊन गेला, एवढंच कळलं.

माझी ती बहीण कुठेतरी ओसरीत लटकत असेल. तिला राखेने घासलं असेल, तिच्यातून मुंग्या गूळ खाऊन गेल्या असतील. गोणपाटात शिवलेली असेल, आणि त्या घरात तिचं पाणी सगळ्यात गार असेल.

तुमच्या घरात, शेजारी, शेताच्या बाभळीला अशी एखादी कॅन दिसली तर पाणी प्यायच्या आधी गोणपाट उसवा. बुडाची अक्षरं वाचा. ती बोलणार नाही, तिला बोलता येत नाही. दाभण मात्र बहुतेक त्याच घरात असेल.